नाखवा म्हणजे मालक की चालक?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: हर्णैच्या घरात पणजोबांच्या काळातले कागद सापडले, त्यांत त्यांच्या नावाआधी ‘नाखवा’ असं लिहिलंय. घरातले काही जण म्हणतात ते गलबताचे मालक होते, तर काही म्हणतात ते दुसऱ्या कुणाच्या गलबतावर चालक होते. त्यात एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं की हा शब्द ‘ना-खुदा’, म्हणजे देव न मानणारा, असा आहे. आणि आज बंदरावर बोटीच्या कागदांत तर बोट नेणाऱ्या प्रमुखाला ‘तांडेल’ म्हटलेलं दिसतं. मग नाखवा नेमका कोण?

मासेमारी नौकांच्या तांडेलांना शिकवण्यात माझी नोकरी गेली. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या बंदरांवर हा शब्द वेगवेगळ्या माणसांना लावलेला मी ऐकला आहे, आणि त्यामागची गोष्ट मला फार जवळची वाटते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो ‘देव न मानणारा’ अर्थ बाजूला ठेवू. उर्दू शायरीत ‘खुदा’ आणि ‘नाखुदा’ यांची जोडी जुळवून पुष्कळ शेर झाले आहेत, त्यामुळे हा समज पसरलेला दिसतो. शायराने शब्दांशी खेळावं, ते त्याचं कामच आहे. पण व्युत्पत्ती तशी नाही. शब्द फारसी आहे हे खरं, आणि त्याची फोड आहे ‘नाव’ अधिक ‘खुदा’. बोलताना मधला ‘व’ गळला आणि ‘नाखुदा’ उरला. ही काही आजच्या अभ्यासकांची कल्पना नाही. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-इ-अकबरी’त हेच लिहून ठेवलंय की नाखुदा हे उघडच ‘नावखुदा’चं आखूड रूप आहे.

यातला पहिला भाग तर आपल्या घरचाच. फारसी ‘नाव’ आणि संस्कृत ‘नौ’ हे एकाच मुळाचे. इराणचा सम्राट पहिला दारयुश याने नाईल नदीपासून तांबड्या समुद्राकडे कालवा खणवला आणि त्याच्या काठी शिलालेख उभे केले. इसवी सनापूर्वी 500 च्या सुमाराची ही गोष्ट. त्या जुन्या फारसी लेखात इजिप्तहून इराणकडे गेलेल्या जहाजांसाठी जो शब्द आहे, तो आपल्या ‘नाव’चा सख्खा भाऊ. म्हणजे ‘नावाडी’, ‘नौका’, ‘नाविक’ आणि ‘नाखवा’ हे चारही एका कुळातले. फरक एवढाच की पहिले तिघे घरी वाढले आणि चौथा इराण-अरबस्तान फिरून परत आला.

दुसरा भाग म्हणजे ‘खुदा’. इथेच गफलत होते, कारण आज हा शब्द आपण फक्त ईश्वरासाठी ऐकतो. मध्ययुगापूर्वीच्या फारसीत त्याचं रूप होतं ‘ख्वदाय’, आणि त्याचा अर्थ होता स्वामी, राजा. इराणच्या राजांच्या जुन्या बखरीला ‘ख्वदाय-नामग’ म्हणत, ती देवांची नव्हे, राजांची बखर. पुढे इराणमध्ये गावच्या प्रमुखाला ‘कदखुदा’ म्हणू लागले. ‘कद’ म्हणजे घर, तेव्हा कदखुदा म्हणजे घरधनी. मराठी माणसाला हे समजायला अजिबात अवघड जाऊ नये. आपला ‘धनी’ असाच आहे: गुरांचा धनी, शेताचा धनी, बाईचा धनी, आणि अभंगात देवही धनीच. एकच शब्द मालकाला, यजमानाला आणि ईश्वराला चालतो. तेव्हा नाखुदा म्हणजे नावेचा धनी. एवढा साधा आणि एवढा वजनदार अर्थ.

आता हा शब्द आपल्या किनाऱ्यावर आला कसा? अरबी समुद्राच्या व्यापारात इस्लामच्या सुरुवातीच्या शतकांत इराणी आखातातलं सिराफ बंदर फार मोठं होतं. तिथले खलाशी आणि व्यापारी फारसी बोलत. त्यामुळे अरबांच्या समुद्री भाषेतही फारसी शब्द भरपूर आहेत. ‘बंदर’ त्यातलाच, तो आपण इतका आपलासा केला की परका वाटतच नाही. अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी 916 च्या सुमारास आपल्या अलिबागजवळच्या चौलला आला होता. अरब लोक चौलला ‘सैमूर’ म्हणत. त्याने लिहून ठेवलंय की तिथे सुमारे 10,000 मुसलमान राहतात, त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आहेत, आणि काहींचा जन्म इथलाच आहे. तेव्हा उत्तर कोकणावर शिलाहारांचं राज्य होतं. एवढे समुद्री व्यापारी जिथे बायकामुलांसह राहतात, तिथे त्यांच्या जहाजावरच्या प्रमुखाचं नाव स्थानिक खलाशांच्या तोंडी बसलं नसतं तरच नवल. आज रेवदंड्याच्या खाडीकडे पाहून हे सगळं डोळ्यांसमोर आणणं कठीण जातं, पण चौल हे काही शतकं पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या बंदरांपैकी एक होतं.

आपल्याकडे त्यासाठी शब्द नव्हता असं मात्र समजू नका. त्या काळच्या संस्कृत लेखांत ‘नौवित्तक’ हा शब्द येतो: नौ हेच ज्याचं वित्त, म्हणजे ज्याची संपत्ती जहाजांत आहे तो. गोव्याच्या कदंबांचा राजा पहिला जयकेशी याच्या अकराव्या शतकातल्या ताम्रपटात अशाच एका जहाजमालक घराण्याची हकिकत आहे. हे घराणं अरब वंशाचं. जयकेशीच्या आधीचा एक कदंब राजा सोमनाथाच्या यात्रेला निघाला असता वाटेत डोलकाठी मोडली, गोव्याच्या बंदरात आसरा घ्यावा लागला, आणि या घराण्यातल्या व्यापाऱ्याने त्याला मदत केली. पुढे त्याच व्यापाऱ्याच्या नातवाला जयकेशीने कारभारात मोठी जागा दिली. शैव राजा, सोमनाथाची यात्रा आणि मदतीला धावलेला अरब जहाजमालक. आपल्या किनाऱ्याचा इतिहास असा आहे, आणि तो मुलांना शिकवला गेला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

‘नौवित्तक’ आणि ‘नाखुदा’ हे दोन शब्द एकमेकांच्या शेजारी कसे बसले, याचा पुरावा सोमनाथ-वेरावळचाच आहे. 1264 मध्ये होर्मुझच्या नूरुद्दीन फिरोझ नावाच्या जहाजमालकाने सोमनाथ पाटणला मशीद बांधली, तिचा लेख अरबी आणि संस्कृत अशा दोन भाषांत कोरला आहे. संस्कृत लेखात या माणसाचं नाव ‘नोरदीन पीरोज’ असं होतं आणि त्याच्या आधी ‘नाखू’ अशी उपाधी लागते. मला या ‘नाखू’चं फार महत्त्व वाटतं. ‘नाखुदा’तला ‘दा’ त्या काळीच लिहिताना गाळला जात होता. पुढे कोकणी तोंडात ‘नाखुदा’चा ‘नाखवा’ झाला, तो माझ्या मते याच वाटेने: मधला ‘द’ पातळ होत गेला, ‘खुआ’ राहिलं, आणि ‘खुआ’चं ‘खवा’ व्हायला मराठीत काहीच वेळ लागत नाही. जुन्या मोडी कागदांत तुम्हाला नाखुदा, नाखोदा, नाखवा अशी तिन्ही रूपं भेटू शकतात. तिन्ही एकच समजा.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. मालक की चालक?

मुळात शब्दाने हा फरक केलेलाच नव्हता. ज्या काळात हा शब्द घडला, त्या काळात जहाजाचा धनी बरेचदा स्वतःच जहाजावर असायचा. माल त्याचा किंवा त्याच्या भरवशावर दिलेला, जहाज त्याचं, हुकूमही त्याचाच. आज हायवेवर एखादा ट्रक ज्याचा, तोच स्टिअरिंगवर बसलेला दिसतो, तसंच. पुढे व्यापार वाढला, एकेकाकडे दोन-तीन जहाजं झाली, मालक घरी राहू लागला आणि त्याच्या वतीने दुसरा माणूस जाऊ लागला. तेव्हा प्रश्न पडला की नाखुदा कुणाला म्हणायचं? घरी बसलेल्या धन्याला की समुद्रावर असलेल्या प्रमुखाला? वेगवेगळ्या किनाऱ्यांनी याची वेगवेगळी उत्तरं दिली. तुमच्या घरात जो वाद चालू आहे, तो हिंदी महासागराच्या काठाने गेली हजार वर्षं चालू आहे.

बाराव्या शतकातल्या ज्यू व्यापाऱ्यांची पत्रं कैरोच्या एका जुन्या सिनेगॉगच्या कोठीत सापडली. त्यांत एडन ते मलबार असा सगळा व्यापार दिसतो. या पत्रांत नाखुदा म्हणजे जहाजाचा मालक किंवा मालकाचा मोठा प्रतिनिधी. जहाज वाटेला लावणारा माणूस वेगळा, त्याला ‘रुब्बान’ म्हणत. नाखुदा अरब असे, ज्यू असे, हिंदीही असे. ही उपाधी कुठल्याही एका धर्माची किंवा जातीची नव्हती, हे लक्षात ठेवा. कारण कोकणात आजही कुणी म्हणतं की नाखवा हा कोळ्यांचा शब्द, कुणी म्हणतं मुसलमानांचा. तो समुद्रावर ज्याचा हुकूम चालतो त्याचा शब्द आहे.

पूर्वेकडे गेलात तर आजच्या मलेशियातल्या मलाक्काच्या सल्तनतीत पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात सागरी कायदा तयार झाला. तो मुळी नाखोदांनीच एकत्र बसून घालून दिला असं सांगतात. त्यात समुद्रावर नाखोदा हा राजासारखा आहे असं म्हटलंय, म्हणजे ‘ख्वदाय’चा जुना अर्थ तिथे अजून शाबूत होता. त्याच कायद्यात बंदरात पोचल्यावर आधी नाखोदाने आपला माल विकायचा, नंतर जहाजात जागा घेऊन आलेल्या व्यापाऱ्यांनी, आणि मग बाकीच्यांनी, असा क्रमही आहे. म्हणजे हा माणूस कप्तानही होता आणि पहिला व्यापारीही. आज मलेशिया आणि इंडोनेशियात ‘नाखोदा’ म्हणजे सरळ जहाजाचा कप्तान, मग ते हजारो टनांचं मालवाहू जहाज का असेना. तिथे मालकीचा अर्थ पार गळून गेला.

आखातात, कुवेत-बहरीनकडे, हाच शब्द ‘नोखदा’ झाला. मोती काढणाऱ्या आणि व्यापारी लाकडी जहाजांचा प्रमुख तो नोखदा. बसऱ्याचे खजूर घेऊन ही जहाजं मुंबईला आणि खाली मलबारपर्यंत येत, आणि परतताना लाकूड वगैरे नेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चालू होतं. तेव्हा आपल्या बंदरांवरचा नाखवा आणि कुवेतचा नोखदा एकाच धक्क्यावर शेजारी उभे राहिलेले आहेत.

अबुल फझलकडे पुन्हा जायला हवं, कारण त्याने जहाजावरच्या माणसांची जी यादी दिली आहे ती वाचताना कोकणी माणसाला आपलं गाव आठवेल. सगळ्यांत वर नाखुदा. तो जहाजाचा धनी आणि जहाज कुठे जायचं ते ठरवणारा. त्याच्या खाली मुअल्लिम, म्हणजे शब्दशः शिक्षक. समुद्राची खोली-उथळ आणि आकाशातले तारे जाणणारा आणि जहाज मुक्कामाला पोचवणारा हा खरा नौकानयनाचा जाणकार. मग तांडेल, खलाशांचा मुख्य. सरहंग, म्हणजे आपला सारंग, जहाज धक्क्याला लावणं-सोडणं पाहणारा. भंडारी कोठी सांभाळणारा. कराणी हिशेब लिहिणारा. सुक्कानगीर म्हणजे सुकाणी. डोलकाठीच्या टोकावरून पाहणारा पंजरी. आणि शिडं चढवणारे-उतरवणारे, पाण्यात बुडी मारून गळती बंद करणारे ते खारवे.

यातले किती शब्द आज जिवंत आहेत ते पाहा. सुकाणू मूळ अरबी ‘सुक्कान’वरून आला. सारंग फारसी ‘सरहंग’, म्हणजे तुकडीचा प्रमुख. इराणच्या सैन्यात कर्नलला आजही सरहंग म्हणतात. कोकणात सारंग आडनाव आहे, तांडेल आडनाव आहे, नाखवा आडनाव आहे, नाखुदाही आहे. खारवी समाज तर रत्नागिरीपासून गोव्याच्या खालीपर्यंत आहे. बोटीवर स्वयंपाक करणाऱ्याला भंडारी म्हणतात, तो याच यादीतला. मात्र एक सावधगिरी हवी. बोटीवरचा भंडारी आणि भंडारी समाज यांचा संबंध एवढ्यावरून जोडू नका. त्या समाजाचा माडीचा व्यवसाय आणि लढवय्येपणा यांचा इतिहास स्वतंत्र आहे. शिवाजी महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी हे त्या समाजाचे, जहाजाच्या कोठीवरचे नव्हेत. आवाज सारखा म्हणून नातं जोडायची घाई अशा ठिकाणी फार होते.

याच आरमारातला आणखी एक शब्द इथेच सांगतो, कारण तो नाखव्याच्या उलट वाटेने गेला. कान्होजी आंग्र्यांची ‘सरखेल’ ही पदवी फारसी ‘सर-इ-खैल’वरून आली. ‘खैल’ म्हणजे अरबीत घोडे, आणि फारसीत घोडेस्वारांची टोळी. म्हणजे मूळचा घोडदळाचा हुद्दा, तो मराठ्यांनी समुद्रावर नेला आणि सरखेल म्हटलं की आंग्रेच डोळ्यांसमोर येतात अशी त्याची कीर्ती केली. ‘गुराब’ या लढाऊ जहाजाचं नाव अरबी ‘घुराब’वरून, आणि त्याचा अर्थ कावळा. काळं, चोचीसारखं पुढे निघालेलं जहाज, ज्याने कोणी पहिल्यांदा हे नाव दिलं त्याची नजर चांगली होती.

आता तांडेल. हा शब्द आपल्याकडे मराठीत आहे, गुजरातीत आहे, मल्याळममध्ये ‘तंडल’ आणि तेलुगूत ‘तंडेलु’ अशी त्याची भावंडं आहेत. इंग्रजांनी त्याचा ‘टिंडल’ केला. मुळात तो माणसांच्या टोळीचा म्होरक्या. नाखव्याचा अधिकार नावेवर, तांडेलाचा अधिकार माणसांवर, असा मी फरक करतो. मोठ्या जहाजावर हे दोघे वेगळे असत. लहान मचव्यावर, पडावावर, जिथे सगळी मिळून सात-आठ माणसं, तिथे खलाशांचा म्होरक्या आणि नावेचा प्रमुख एकच. त्यामुळे हे दोन्ही शब्द एकाच माणसाला चिकटले. स्वतंत्र भारताच्या 1958 च्या मर्चंट शिपिंग कायद्यात शिडाच्या जहाजाच्या प्रमुखाला ‘टिंडल’ असंच नाव दिलं. कायद्याने तांडेल उचलला, म्हणून कागदोपत्री तोच राहिला. नाखवा लोकांच्या तोंडी राहिला.

आगबोटी आल्यावर आणखी एक गंमतीची उलथापालथ झाली. रत्नागिरीकडची पुष्कळ माणसं, विशेषतः कोकणी मुसलमान, मोठ्या ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर डेकच्या कामाला लागली. तिथे कप्तान गोरा, त्याचे ऑफिसर गोरे. खलाशांवर सारंग, सारंगाच्या हाताखाली तांडेल. म्हणजे गावच्या मचव्यावर जो तांडेल सर्वांत वर, तोच आगबोटीवर गेला की दुसऱ्या पायरीवर. आणि नाखव्याला तिथे जागाच उरली नाही, कारण आगबोटीचा धनी लंडनमध्ये आणि हुकूम कप्तानाचा. त्या घरांतल्या मुलांना आजोबा ‘तांडेल होते’ म्हणजे नेमके काय होते हे कळत नाही, ते यामुळे. आगबोटीवरचे की गलबतावरचे, हे आधी विचारावं लागतं.

मुंबईच्या जुन्या कोकणी मुसलमान जहाजमालकांमध्ये मात्र नाखुदा ही मानाची उपाधी राहिली. एकोणिसाव्या शतकातले नाखुदा महंमद अली रोगे हे त्यांतलं मोठं नाव. पायधुणीजवळचा नाखुदा मोहल्ला त्या काळाची खूण. कोलकात्यातली नाखोदा मशीद, जिची पायाभरणी 1926 मध्ये झाली, ती कच्छी मेमन जहाज-व्यापाऱ्यांनी बांधलेली. या सगळ्या ठिकाणी नाखुदा म्हणजे मालक, शेठ. तो कधी सुकाणूला हात लावत असेल असं नाही.

आणि आज कोळीवाड्यात? मुंबई, रायगडच्या कोळीवाड्यांत नाखवा म्हणजे बोटीचा मालक, आणि त्याच्या घरची बाई ती नाखवीण. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहण्याचा पहिला मान त्याचा. बोटीचं लायसन, डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांची उचल, सगळी जोखीम त्याची. समुद्रावर बोट नेणारा तांडेल वेगळा असू शकतो, पण छोट्या बोटीवर नाखवाच तांडेल. दक्षिणेकडे सरकलात की शब्द सैल होतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या काही बंदरांवर कुठल्याही जाणत्या, वयस्क दर्यावर्द्याला ‘नाखवा’ म्हणून हाक मारताना मी ऐकलंय, मग त्याच्या मालकीची बोट असो वा नसो. तिथे तो हुद्दा राहत नाही, मान होतो. ‘पाटील’ म्हणून हाक मारतात, तसं. 

म्हणून नाखवा म्हणजे ‘मूळ अर्थाने मालक’ असं एका वाक्यात सांगून मी मोकळा होत नाही. दोन्ही अर्थ मुळातच त्यात होते. मालकी आणि हुकूम वेगळे झाले तेव्हा मलाया आणि आखाताने हुकूम ठेवला, मुंबईच्या शेठांनी मालकी ठेवली, आणि कोकणातल्या लहान बंदरांनी, जिथे एका मचव्यावर एकच घर जगत होतं, तिथे दोन्ही एकत्र ठेवलं. माझ्या मते शब्दाचा सर्वांत जुना अर्थ आज कुठे नीट सांभाळला गेला असेल तर तो याच लहान बंदरांवर.

आता तुमच्या पणजोबांबद्दल. कागदातल्या नावाच्या आधीच्या उपाधीवरून निकाल लावू नका, बाकीचा कागद पाहा. त्याच कागदात दुसऱ्या कुणाचं नाव ‘मालक’, ‘धनी’ किंवा ‘शेठ’ म्हणून आलं असेल, तर पणजोबा ते गलबत चालवणारे. उलट, तांडेल म्हणून वेगळ्या माणसाचं नाव असेल, तर पणजोबा मालक असण्याचीच शक्यता जास्त. दोन्ही नावं नसतील आणि नौका मचवा किंवा पडावासारखी लहान असेल, तर बहुधा तेच दोन्ही. नौकेचा प्रकार कागदात असतोच, तो आधी शोधा: गलबत, मचवा, पडाव, फत्तेमारी, जे असेल ते. त्यावरून नौका किती मोठी आणि किती माणसांची, याचा अंदाज येतो, आणि मोठ्या नौकेवर मालक स्वतः जाण्याची शक्यता कमी.

कागद कशाचा आहे, हेही बघा. जकातीचा किंवा बंदराचा कागद असेल तर त्यात नौका बंदरात आणणाऱ्याचं नाव महत्त्वाचं असतं, कारण जकात त्याच्याकडून घ्यायची. तिथला नाखवा म्हणजे प्रत्यक्ष हजर असलेला प्रमुख. कर्जाचा, गहाणाचा किंवा वाटणीचा कागद असेल तर तिथला नाखवा म्हणजे ज्याच्या नावावर मालमत्ता आहे तो. मुंबई इलाख्यात 1838 च्या कोस्टिंग व्हेसल्स कायद्याने किनाऱ्यावरच्या देशी नौकांची नोंदणी सुरू झाली. तुमचा कागद त्यानंतरचा असेल आणि त्यात नौकेचा क्रमांक असेल, तर तो नीट उतरवून ठेवा, क्रमांकावरून पुढे शोध घेता येतो.

मोडी येत नसेल तर वाचणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की ‘नाखवा’ हा शब्द येणार आहे. घाईत वाचणारा त्याचं कुणाचं तरी नाव किंवा आडनाव समजून पुढे जातो आणि उपाधी हरवते. तसंच, नावाआधी आलाय की नावानंतर, हे पाहायला सांगा. आधी असेल तर बहुधा हुद्दा किंवा मान. नंतर असेल तर कदाचित तोपर्यंत ते घराण्याचं आडनाव झालेलं असेल, आणि मग त्या माणसाने कधी बोटीवर पाय ठेवला होता की नाही हे त्या शब्दावरून सांगता येणार नाही.

आणि घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, पणजीला गावात काय म्हणत. तिला ‘नाखवीण’ म्हणत असतील, तर बोट घरची होती असं मी तरी धरून चालेन. दुसऱ्याच्या नौकेवर चाकरी करणाऱ्याच्या बायकोला कुणी नाखवीण म्हटलेलं माझ्या ऐकण्यात नाही.